झीरो फिगर की झीरो एरर?

अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता चौल, रेवदंडा करत खाडीवरचा पूल ओलांडतो आणि समुद्राच्या कडेकडेने काशीदला पोहोचतो. पांढरट वाळू, सुरूची झाडं, शहाळ्यांच्या टपऱ्या आणि समोर अथांग पाणी. कॉलेजच्या सहलींचं हे अगदी पेटंट ठिकाण! लग्न ठरलेली जोडपीही हल्ली फोटोग्राफर घेऊन इथेच येतात आणि अल्बमच्या गाण्यांना असाच किनारा लागतो. पण आजचा विषय सहल नाही. विषय आहे सहलीनंतरचे फोटो.

काशीदच्या कुठल्याही सहलीचे फोटो उघडून बघा. त्यात एक मुलगी हमखास सापडत नाही, कारण "मी काढते ना सगळ्यांचे" असं म्हणून मोबाईल तिनेच हातात धरलेला असतो. एक मुलगा पाण्यातसुद्धा टी-शर्ट काढत नाही. एक जण ग्रुप फोटोत कायम मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. आमच्या वर्गातल्या अशाच एका मैत्रिणीला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "अगं, मी आधीच सावळी, त्यात आज उन्हात भाजलेय. आणि माझे दंड बघितलेस का?" ही मुलगी एम-थ्रीला वर्गात पहिली आलेली. पुढे एकदा प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या तिला चक्कर आली, तेव्हा कळलं की दोन महिने तिने मेसमधलं रात्रीचं जेवण सोडलं होतं. का, तर बारीक व्हायचं म्हणून!

मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी जरा खिचडी आहे, सांभाळून घ्या. पण आमच्या ब्रँचमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेली एक गोष्ट मला पक्की आठवते : रीडिंग विचित्र आलं तर वस्तूला दोष देण्याआधी उपकरण तपासा. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटल्यावरही ते ०.०३ सेंटिमीटर दाखवत असेल, तर ती झीरो एरर. ती प्रत्येक रीडिंगमधून वजा करायची असते. वजा केली नाही तर जगातली प्रत्येक वस्तू तुम्हाला ०.०३ ने जाडी वाटणार!

आपण स्वतःच्या शरीराचं रीडिंग रोज घेतो. आरशात, सेल्फीत, गाण्यातल्या हिरोइनच्या शेजारी उभं राहून. पण झीरो एरर कोण तपासतं? या लेखात आपण तीन एरर तपासू : उपकरणाची, प्रमाणाची आणि निरीक्षकाची.

एरर पहिली : उपकरणाची

आधी काशीदचाच फोटो घेऊ. कॅमेऱ्यातलं ऑटो एक्सपोजर असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. फिल्मच्या काळापासून यासाठी १८ टक्के परावर्तनाचं करडं कार्ड वापरतात. आता काशीदला फ्रेममध्ये काय असतं? चकचकीत वाळू, फेसाळ लाटा आणि मोकळं आकाश. कॅमेऱ्याला वाटतं, बाप रे, उजेड फार झाला! म्हणून तो एक्सपोजर कमी करतो. वाळू करडट होते आणि माणसांचे चेहरे प्रत्यक्षापेक्षा काळपट येतात. सूर्य पाठीमागे असेल तर विचारायलाच नको. नवे मोबाईल चेहरा ओळखून थोडी दुरुस्ती करतात, पण दरवेळी नाही. म्हणजे "काशीदच्या फोटोत मी किती काळी आलेय" ही तक्रार त्वचेची नसून लाइट मीटरची आहे. चेहऱ्यावर बोट टेकवून एक्सपोजर वाढवलं की हा 'काळेपणा' दोन सेकंदांत जातो, क्रीम लागत नाही.

आता सेल्फी. मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ असला की नाक लेन्सच्या अगदी समोर येतं आणि कान तुलनेने लांब राहतात. जवळची वस्तू मोठी दिसते, हा साधा भूमितीचा नियम. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं उत्तर आलं. सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन मागणारे पेशंट त्यांच्याकडे येत होते, म्हणून हा खटाटोप!

ग्रुप फोटोचंही तसंच. वाइड अँगल लेन्समध्ये कडेची माणसं आडवी ताणली जातात. त्यामुळे कोपऱ्यातली व्यक्ती जाड दिसते आणि मधली बारीक. रांगेतली जागा बदला, 'वजन' बदलेल.

ही एरर मुद्दाम केलेली नाही असं तुम्ही म्हणाल. पण उपकरण कोणाला समोर ठेवून जुळवलं, हा प्रश्न उरतोच. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो लॅबना एक नमुना-कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. तिच्या त्वचेचा रंग नीट आला म्हणजे मशीन नीट जुळलं असं समजायचं. पहिल्या मॉडेलच्या नावावरून या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. परिणाम काय? सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे फोटोत सपाट, तपशील हरवलेले येत. आणि गंमत म्हणजे कंपनीवर दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांचा. गडद आणि फिक्या रंगांमधला फरक त्यांना जाहिरातीत नीट दाखवता येत नव्हता ना! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड रुळायला १९९० चं दशक उजाडलं.

हा फक्त इतिहास नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणारी कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत सर्वांत जास्त चूक ०.८ टक्के निघाली, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्यापैकी अनेक जण उद्या असंच सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. तेव्हा हा परिच्छेद सिलॅबसमध्ये नसला तरी लक्षात ठेवा.

एरर दुसरी : प्रमाणाची

उपकरण ठीक आहे, पण ज्याच्याशी तुलना करायची ते प्रमाणच चुकलं तर?

सौंदर्याचं प्रमाण आपल्याला फार लहानपणी दिलं जातं. मराठी घरात 'गोरी गोरी पान' हे गाणं कोणी ऐकलं नाही? ग. दि. माडगूळकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि आशाताईंचा आवाज. गाणं गोडच आहे, मलाही आवडतं. पण वहिनी कशी हवी याची पहिली अट कोणती, ते पाच वर्षांच्या मुलाला त्यातून कळून चुकतं. आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनी फुशारकी मारू नये. आम्हाला नर्सरीत 'चबी चीक्स' शिकवलं. त्यातली मुलगी गोरी आणि निळ्या डोळ्यांची. वर्गात आम्ही चाळीसेक मुली, एकीचेही डोळे निळे नाहीत, तरी सगळ्या हातवारे करून म्हणत होतो!

पुढे हे प्रमाण वधू-वर जाहिरातीत भेटतं : 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप'. सावळी मुलगी तिथे 'गहूवर्णी' होते आणि काळीसाठी शब्दच नाही. लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉम या साइटवर त्वचेच्या रंगाचा फिल्टर होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर तो काढला गेला.

जाहिरातींनी तर या प्रमाणाचा धंदाच केला. 'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ मध्ये आली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, लग्न नाही, वडील उदास. मग ट्यूब येते आणि सगळं मार्गी लागतं, ही कथा आपल्या आयांनी आणि मावश्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. महिला संघटनेच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये त्यातल्या काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २००५ मध्ये मुलांसाठी 'फेअर अँड हँडसम' आली. घ्या, समानता! २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेने नियम केला की गडद वर्णाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायची नाही. २०२० मध्ये पहिल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला, २०२५ मध्ये दुसऱ्यातला 'फेअर' जाऊन 'स्मार्ट' आला. नाव बदलणं सोपं असतं. त्या नावाने पन्नास वर्षांत मनात काढलेली रेघ मात्र तशीच राहते.

गाण्यांचं काय? २०१५ चं 'चिट्टियां कलाइयां' आपण गॅदरिंगला नाचून नाचून घासलं. त्याचा अर्थ 'गोरी मनगटं' असा आहे हे नाचणाऱ्या कितींना माहीत होतं? २०२० मध्ये 'खाली पीली' चित्रपटाच्या गाण्यात, या गोऱ्या मुलीपुढे एक कृष्णवर्णी अमेरिकन गायिकाही लाजेल, अशा अर्थाची ओळ होती. लोक चिडले आणि शब्द बदलावे लागले. म्हणजे ऐकणाऱ्याने कान उघडे ठेवले तर गाणं बदलतं, हेही खरं.

मराठी टीव्हीने या विषयाला हात घातला, तेही पाहू. २०१९ मध्ये सुरू झालेली 'रंग माझा वेगळा' ही मालिका सावळ्या दीपाची गोष्ट सांगत होती. हेतू चांगला. पण दीपाची भूमिका केली रेश्मा शिंदे यांनी, आणि त्यांना मेकअपने सावळं केलं गेलं! काळ्या रंगाची कैफियत मांडायलाही काळ्या रंगाची मुलगी चालली नाही. त्यापेक्षा नागराज मंजुळेंचा 'फँड्री' खोल जातो. त्यातला जब्या नाक सरळ व्हावं म्हणून त्याला चिमटा लावतो, पावडर फासतो. आणि सिनेमा आपल्याला दाखवतो की गोरा रंग आणि धारदार नाक हे माप नुसतं सौंदर्याचं नसतं, त्याच्या मागे जात उभी असते.

रंगानंतर नंबर लागतो कमरेचा. २००८ मध्ये 'टशन' आला आणि करीना कपूरच्या 'साइझ झीरो'ने वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्याच्या आदल्या वर्षी 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुखचे सिक्स पॅक, आणि 'टशन'च्याच वर्षी 'गजनी'त आमिरचं पिळदार शरीर. त्यानंतर गल्लोगल्लीच्या जिमबाहेर त्यांची पोस्टर लागली. पण ते शरीर हा त्या माणसांचा जॉब असतो! ट्रेनर, आचारी, कित्येक महिन्यांचा वेळ, आणि शूटच्या आधी पाणी कमी करून, जोर मारून फुगवलेले स्नायू. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१० चा 'नटरंग'. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं भरदार शरीर कमावलं आणि मग नाच्याच्या भूमिकेसाठी ते उतरवलं. एकाच चित्रपटात एकाच माणसाची दोन शरीरं! ते पाहून आपण अभिनेत्याला सलाम करावा. त्यातल्या एका शरीराशी परीक्षेच्या आदल्या रात्री वडापाव खाणाऱ्या स्वतःची तुलना करू नये.

असं प्रमाण बाहेरून येऊन मनात कसं शिरतं याचा एक गाजलेला अभ्यास आहे, तोही एका बेटावरचा. प्रशांत महासागरातल्या फिजी देशात नाद्रोगा नावाचा भाग आहे. तिथे भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानायची रीत होती. १९९५ मध्ये तिथे टीव्ही आला. अॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही आल्या आल्या ६३ शाळकरी मुलींची आणि तीन वर्षांनी आणखी ६५ मुलींची पाहणी केली. खाण्याबाबतच्या बिघडलेल्या वागणुकीची लक्षणं १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती, १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. मुलींची संख्या लहान आहे, आणि टीव्ही हेच एकमेव कारण असं यातून सिद्ध होत नाही. पण तीनच वर्षं! आणि तिथे मोबाईल नव्हता. आपल्या खिशात तर टीव्ही चोवीस तास असतो. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं.

इंजिनियर मंडळींना एक दाखला देऊन हा भाग संपवते. फ्रान्समध्ये कपाटात ठेवलेला धातूचा किलोग्रॅम शंभरहून अधिक वर्षं जगाचं प्रमाण होता. त्याच्या प्रतींशी तुलना केल्यावर मायक्रोग्रॅममध्ये फरक दिसू लागला. २० मे २०१९ पासून तो निवृत्त झाला आणि किलोग्रॅमची नवी व्याख्या आली. खुद्द किलोग्रॅमचं प्रमाण तपासून बदलता येतं, तर गोरी-सडपातळचं का नाही?

एरर तिसरी : निरीक्षकाची

प्रयोगवहीत आपण 'निरीक्षकाची चूक' असं सवयीने लिहितो. इथे निरीक्षक म्हणजे आपण सगळे. सहलीहून घरी आल्या आल्या "अगं बाई, किती काळवंडलीस!" म्हणणारी मावशी. "काय रे, हवा आली की उडशील" म्हणणारा काका. आणि मित्राला 'जाड्या', 'काडी', 'ब्लॅकी' अशी नावं ठेवणारे आपण. त्यांच्या मनात वाईट नसतं, मान्य. पण रीडिंग घेताना वाकड्या कोनातून पाहिलं तर पॅरलॅक्स येणारच, मग निरीक्षक कितीही प्रेमळ असो.

मग खरं रीडिंग काय?

रंगापासून सुरू करू. काशीद साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी, वर्षातून दोनदा, दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, कारण ते किरण शोषून आतल्या पेशींचं रक्षण करतं. गरोदरपणात बाळाच्या वाढीला लागणाऱ्या फोलेटचंही ते रक्षण करतं, असं शास्त्रज्ञ मानतात. किनाऱ्यावर दिवसभर उन्हात मासळी विकणाऱ्या कोळणीचा रंग हा बिघाड नाही, ते उत्तम डिझाइन आहे. ऊन लागून काळवंडणं म्हणजे यंत्रणा चालू असल्याची खूण.

आता वजन. बीएमआय काढायचा तर किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो असेल तर ५२ भागिले २.४०, म्हणजे साधारण २१.६. भारतीयांसाठी १८.५ ते २३ ही ठीक मर्यादा मानतात. म्हणजे ही मुलगी एकदम फिट. तिने 'झीरो'साठी ४० किलो गाठले तर उत्तर येतं १६.६, आणि त्याला कुपोषण म्हणतात! शिवाय हा निर्देशांक १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने समाजाची सरासरी काढायला बनवला होता, एकेका माणसाला पास-नापास करायला नाही. स्नायू किती आणि चरबी किती हे तो सांगत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं, गाण्याला नाही.

आणि आपल्या देशात हे मेस सोडणं परवडणारं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अॅनिमिया होता. दर दोघींत एकीहून जास्त! ज्या देशात रक्त कमी ही खरी अडचण आहे, तिथे आपण कंबर कमी करायला उपाशी राहतोय.

चुकीच्या रीडिंगची किंमत फक्त मनाला मोजावी लागत नाही. गोरं करणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो, कारण पारा मेलॅनिन बनणं थांबवतो. तोच पुढे किडनीत पोहोचतो. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते. स्टेरॉइड असलेली मलमंही लोक गोरं व्हायला चोळतात. त्यांनी त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मलम बंद केलं की आणखी भडकते. तेव्हा लेबल नसलेली, पार्लरमधून किंवा कोणी परदेशातून आणलेली डबी लावण्याआधी शंभरदा विचार करा. आधीच लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना डबी नेऊन दाखवा.

करून बघा

धडा म्हटलं की स्वाध्याय आलाच!

१. एकाच जागी, एकाच उजेडात दोन फोटो काढा. एक हात लांब करून सेल्फी, दुसरा मित्राने पाच-सहा फुटांवरून काढलेला. नाकाची रुंदी आणि चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजून गुणोत्तर काढा. दोन्ही उत्तरं वेगळी येतील. आता सांगा, खरं नाक कोणतं?

२. आवडत्या पाच गाण्यांमध्ये रंग, कंबर किंवा वजन किती वेळा येतं ते मोजा. गाणं सोडायची गरज नाही, नुसतं मोजा. मोजलेली गोष्ट गुपचूप आत शिरत नाही.

३. आठवडाभर कोणाच्याही शरीरावर शेरा मारू नका, कौतुकाचाही नाही. "बारीक झालीस, छान दिसतेस" हेसुद्धा बंद. त्याऐवजी काय बोलता येतं ते शोधा. पहिल्या दोन दिवसांत विषयच सापडत नाही, तिथेच खरी गोम आहे.

४. एखादी मैत्रीण जेवण टाळतेय, जेवल्यावर लगेच उलटी काढतेय किंवा मित्र दुकानातली पावडर-इंजेक्शनं घेतोय असं दिसलं तर चेष्टा नको. जेवायला सोबत न्या, शेजारी बसा, आणि गरज वाटली तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. हा आजार आहे, नखरा नाही.

शेवटी आपल्या रायगडचीच एक गोष्ट. हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती बाई काळोखात कडा उतरून गेली. ती गोरी होती की काळी, बारीक होती की जाड, हे गोष्टीत कोणी सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. आजही तसंच आहे. नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. साताऱ्याची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली. त्यांचं माप घड्याळाने घेतलं, आणि त्या घड्याळाला झीरो एरर नव्हती.

आपल्यालाही असं एखादं माप शोधता येईल. किती अंतर पोहता आलं, किती जिने धापा न टाकता चढता आले, किती वेळ डोकं शांत ठेवून गणित सोडवता आलं. हे रीडिंग तुमचं, उपकरण तुमचं आणि प्रमाणही तुमचंच. बाकी कोणी आकडा सांगायला आलं तर आधी विचारा : एरर वजा केलीत का?